सहाणेवरची घेटुळी

ऐका बायांनो, ऐका बाप्यांनो. बाभुळगावच्या रस्त्याला एक तांडा आहे. तांड्यात सुखीबाई राहते, तिचा लेक बाबूसिंग राहतो, सून निकिता राहते. आणि त्यांच्याच चुलीशेजारी मी राहत होते. मी सहाण बोलतेय. काळ्या दगडाची, भाकरीएवढी, मधोमध खोलगट. तो खोलगा काही जन्माचा नाही. मुळ्या उगाळून उगाळून पडलेला आहे.

मी नाल्यातला दगड. सुखीबाईच्या सासूनं मला उचललं, पाथरवटाकडून सपाट करून घेतलं आणि मरताना सुनेच्या ओटीत घातलं. एवढीच माझी सोयरीक.

मला पंचांग कळत नाही. अंगावर काय घासलं जातं, त्यावरून मी ऋतू ओळखायची. सुंठेचा झणका आला की समजायचं, बाहेर झड लागली. आंबेहळद आली की पेरणीतल्या कंबरा लचकल्या. सुखीबाई म्हणायची, "झाडाचा जीव एका जागी बसत नाही वं. पावसात पानात चढते, थंडीत मुळीत उतरते. जिथं जीव असन तिथूनच घ्याव, नाही तं निरं लाकूड हाती येते."

आणि घेण्याचीही रीत होती. आदल्या सांजेला झाडाजवळ जायचं, हळदीचे तांदूळ ठेवायचे, पाणी घालायचं आणि म्हणायचं, "उद्या येतो बाई तुले न्यायले. राग धरू नोको." मागे वळून न पाहता घरी यायचं. दुसऱ्या सकाळी कोणाशी चकार शब्द न बोलता मुळी काढायची. आवतण दिल्याशिवाय झाड येत नाही, आलं तरी गुण मागेच ठेवून येतं, असं ती मानायची.

पुढे रान मागे सरकलं. बांधावरचं गवत काढायला विळा राहिला नाही, फवारा आला. सुखीबाई सकाळी जायची, दुपारी रिकाम्या ओच्यानं परतायची. तांड्यातलं लेकरू खोकललं तर मेडिकलमधून बाटली यायची. मी रुसले नाही. लेकरू बरं झालं म्हणजे झालं. पण माझ्या अंगावर धूळ बसू लागली, हे खरं.

मग ते भादव्याचे दिवस आले. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. बाबूसिंग किसनरावांच्या वावरात पाठीवर पंप घेऊन फवारणीला जायचा. एका दिवशी तो दिवस मावळताना आला तो भिंत धरतच. शर्ट ओलाचिंब. दारातच ओकला.

"काय झालं?" निकिता धावली.

"काही नाही. वारा उलटा होता, तोंडावर आलं. डोळ्यापुढं धुपट धुपट दिसून राह्यलं."

"चला दवाखान्यात. पूनमसिंगचा ऑटो बोलावतो."

"अवं, ऊन लागलं असन. दवाखाना कायले लागते? एवढ्यानं मरतो काय मी?"

सुखीबाईनं त्याच्या पापण्या उघडून पाहिल्या. "डोळ्याले घेटुळीची मुळी लागते," ती म्हणाली. "किसनरावच्याच धुऱ्यावर, बांधाच्या गवतात आहे. मी आत्ताच आवतण देऊन येतो."

"याडी, आत्ताच उपटून आण ना मग!" निकिता सासूला म्हणाली.

"तशी नाही चालत वं. उद्या सकाळी."

घेटुळीचा जीव भादव्यात पानात असतो, मुळीत नसतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? पण लेकाचे डोळे समोर तळमळत होते. हातात दुसरं काही नव्हतं. ती तांदूळ घेऊन गेली, आणि जी सांज दवाखान्यात जायची होती, ती आवतणात गेली.

सकाळी ती मुकाट्यानं मुळी घेऊन आली. तोवर छपरावरच्या कवेलूंच्या फटीतून उन्हाचे कवडसे पडले होते. बाबूसिंग खाटेवर उठून बसला आणि चाचपडत आईला म्हणाला, "याडी, दिवा काहून नाही लावला?"

सुखीबाईनं मला धुतलं, पाण्याचे थेंब टाकले आणि मुळी उगाळू लागली. पहिल्याच वेढ्याला मला कळलं. हा घेटुळीचा वास नव्हता. जो वास काल त्या ओल्या शर्टाला होता, तोच. आवतण दिलेल्या झाडाला सुखीबाईच्या आधी दुसऱ्यानंच फवारा पाजून ठेवला होता. मी दगड, ओरडू कशी? लेप तयार झाला. तिनं बोट भरून घेतलं, लेकाची पापणी वर केली.

"थांब!" निकितानं तिचा हात धरला आणि ते बोट आपल्या नाकाशी नेलं. नवऱ्याचे फवारणीचे कपडे रोज तीच धुवायची. "याडी, हे औषध नोहे. याले फवारणीचा वास येते!"

सुखीबाईनं वास घेतला आणि भुईवर बसली.

"म्या हातानं घालत होतो त्याच्या डोळ्यात," एवढंच बोलली.

पूनमसिंगचा ऑटो आला. त्यानं आणि निकितानं बाबूसिंगला उचलून आत घातलं आणि यवतमाळला नेलं. माझ्या अंगावरचा लेप तिथंच वाळला. सांजेला सुखीबाईनं तो राखेनं घासला, पुन्हा घासला, मग मला उचलून अंगणातल्या न्हाणीत पालथं टाकलं. "तुह्यावर आता काही नाही उगाळाव," म्हणाली. मला म्हणाली की स्वतःला, कोणास ठाऊक.

दवाखान्यातून निरोप यायचे ते अर्धेमुर्धे. नळी लावली. नळी काढली. पुन्हा लावली. डोळ्यांचं अजून काही सांगत नाहीत. सुखीबाईनं रानात जाणं सोडलं. सून फोनवर "जेवलीस काय?" विचारायची, ही "हो" म्हणायची, आणि चूल थंडच असायची.

मी आता पाय धुवायचा दगड आहे. खोलगा खाली, पाठ वर. मुळ्यांची चव विसरत चालले आहे. कोणता ऋतू आला, ते साबणाच्या पाण्यावरून कळत नाही. मला पुन्हा चुलीशेजारी न्या, असं मी म्हणणार नाही. उगाळायला निर्मळ असं उरलंय काय? एकच मागते. फवारून आलेला माणूस दारात भिंत धरून उभा राहिला, तर त्याच्यासाठी कोणत्याही झाडाला आवतण देऊ नका. ऑटो बोलवा.

दसऱ्याच्या आसपास तो ऑटो परत आला. बाबूसिंग वाळून काडी झालेला, एक हात निकिताच्या खांद्यावर. माझ्या पाठीवर उभा राहून त्यानं पाय धुतले. सुखीबाई दारातच खांबाला टेकून उभी होती. पुढे यायचा धीर नव्हता, विचारायचा तर नव्हताच. त्यानं मान वर केली, डोळे बारीक करून अंगणाच्या टोकाकडे पाहिलं.

"याडी," तो म्हणाला, "शेळी व्याली अन् मले कोणी सांगतलं नाही? दोन पिल्लं हायेत की! एक तं पार पांढरं झालं."