तुराट्यांच्या ढिगातली पिलं

"माणसाच्या चुलीजवळ पिलं घालू नको," असं माझ्या आईने मला कितीदा बजावलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं.

मित्रांनो, मी धनजच्या शिवारातली एक रानमांजर आहे. धुरकट अंग, आखूड शेपटी, कानांच्या टोकांना काळे केस. तुमच्या पिकांतले उंदीर खाऊन मी वाढले. माझं कौतुक कधी कोणी केलं नाही, पण त्रासही दिला नाही.

मग मी पहिल्यांदाच आई होणार होते. रानात मोकाट कुत्र्यांची भीती. रामरावांच्या घरामागे तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, मोठा ढीग होता. आत ऊब होती, अंधार होता. तिथेच मला तीन पिलं झाली.

त्याच दिवसांत रामरावांची लेक निकिता माहेरी बाळंत झाली. तिच्या न्हाणाचं पाणी चुलीवर तापायचं, आणि चुलीत माझं घर जळायचं! तिची आई सोजरबाई रोज सकाळी कवळाभर तुराट्या ओढून नेई. मी पिलांना आत आत सरकवत राहिले. शेवटी नाल्याकाठी नवी जागा बघून परतले, तर ढिगापाशी ओरडा.

"वो माय! बिबट्याचे पिलं!"

मी गव्हात दबून बसले. माणसं जमली, मोबाईल निघाले. सोजरबाईंनी पिलं टोपल्यात घेतली. "मायनं टाकून देल्ले वाट्टे. घरात नेऊन दूध पाजू."

तेवढ्यात निकिता तान्ह्या लेकीला घेऊन मागच्या दारात आली.

"आई, ठेव ते टोपलं. रानमांजरीचे पिलं हायेत ते. त्याहिची माय इथंच कुठंतरी बसून पाहून राह्यली असन. तुमी हटल्याबिगर येईन कशी?"

"तुले काय माहीत?"

"काल मी न्हाणीत असतानी तू पोरीले शेजारी नेलं. पाळणा रिकामा पाहून मी कशी झाली होती?"

सोजरबाईंनी टोपलं खाली ठेवलं. रामराव हसले, "म्हंजे आता मांजरीचंबी बाळंतपण आपल्याकडंच!"

"मंग पानी कायनं तापवू?" सोजरबाईंनी विचारलं.

"दोन दिस गॅसवर तापव," निकिता म्हणाली.

"बाळंतिनीले गॅसचं पानी?" त्या कुरकुरल्या, पण पिलं होती तिथे ठेवली, वर तुराट्या सारल्या आणि सगळ्यांना हाकललं. दार लागलं.

तरीही मला धीर होईना. ऊन कलल्यावर मी गेले. पिलांना माणसांच्या हातांचा वास येत होता. असू दे, माझीच होती. एकेक मानेला धरून नाल्याकाठच्या कपारीत नेलं. तिसरं नेताना कुत्रा गुरगुरला. घरातून लगेच सोजरबाईंचा आवाज आला, "हाड!"

मित्रांनो, ढीग उपसण्याआधी, धुरा, म्हणजे शेताचा बांध, पेटवण्याआधी काठीने जरा आवाज करा, वाकून बघा. एकटं पिलू दिसलं तर उचलू नका. तिथून दूर व्हा. मात्र विसरूनही जाऊ नका. थोड्या वेळाने लांबूनच एकदा बघून या, त्याची आई पोचली का? नसेल पोचली तर वनखात्याला कळवा.