एका कानात पुढचं गाणं

मित्रांनो, मला पाहिलं की लोक हमखास विचारतात, "हे अजून चालतं का?" चालतं. मी जुना टर्नटेबल आहे. माझ्या थाळीवर काळी रेकॉर्ड ठेवायची, सुई टेकवायची, की गाणं सुरू होतं.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. माझी थाळी थेट मोटरवरच बसवलेली आहे, त्यामुळे बटण दाबताच मी पूर्ण वेग घेतो. या गुणामुळेच मला पुण्यातल्या एका हॉटेलच्या डिस्कोत आणलं. तिथे माझ्याशेजारी माझ्यासारखाच दुसरा होता. एकावर गाणं वाजत असताना दुसऱ्यावर पुढचं तयार करायचं आणि दोन्हींचे ठेके जुळले की अलगद एकातून दुसऱ्यात जायचं, हे आमचं काम. नाचणाऱ्यांचे पाय थांबत नसत. मग सीडी आल्या, लॅपटॉप आले. माझा जोडीदार कुठे गेला, मला ठाऊक नाही. मी मात्र पडद्यांच्या गठ्ठ्याखाली कित्येक वर्षं पडून राहिलो. शेवटी बिबवेवाडीत बद्रीनाथ यांच्या जुन्या सामानाच्या दुकानात आलो.

तिथे एका रविवारी पूर्णिमाताई आल्या. हडपसरला राहणाऱ्या, शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. सोबत मुलगी ओवी होती.

"आई, हे बघ ना, किती क्यूट!" ओवीने पेटीसारखा एक नवा टर्नटेबल दाखवला. "ब्लूटूथ पण आहे."

"शोकेसमध्ये छान दिसतो," बद्रीनाथ म्हणाले. "धूळही कमी बसते."

पूर्णिमाताई हसल्या. त्यांनी त्या पेटीची थाळी बोटाने अडवली आणि सोडली. आत रबरी पट्टा होता. थाळी रेंगाळत, कुरकुरत फिरू लागली. मग त्यांनी तेच माझ्यावर केलं. बोट उचललं आणि मी तत्क्षणी वेगात. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी डिस्कोतसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

"हा हवा," त्या म्हणाल्या. "आणि याच्या जोडीला असाच एखादा. नवे दोन मला परवडायचे नाहीत. ओरखडे चालतील, मोटर चांगली हवी."

बद्रीनाथ यांनी माळ्यावरून दुसऱ्या कंपनीचा एक टर्नटेबल काढला. झाकण नव्हतं, पण चाल सरळ होती. अशी आमची विजोड जोडी हडपसरच्या चौथ्या मजल्यावर गेली.

त्यांचे यजमान अनंतराव दारात उभे होते. "डीजे म्हणजे मिरवणुकीतला? सोसायटीवाले आपल्याला बाहेर काढतील."

"अहो, तो नाही हो. हा माझा डीजे."

मागच्या खोलीत आमची जागा ठरली. तिथेच मला त्यांची हकिकत कळली. कॉलेजात असताना त्या गॅदरिंगला, मैत्रिणींच्या लग्नांना रेकॉर्ड वाजवायच्या. मुलगी रेकॉर्ड वाजवते म्हणून लोक मुद्दाम बघायला यायचे. लग्न झालं, घर दोन खोल्यांचं, सासूबाई आजारी, मग ओवी झाली. घर बदलताना त्यांचे दोन्ही टर्नटेबल विकले गेले. "ओवी मोठी झाली की पुन्हा घेऊ," असं तेव्हा अनंतराव म्हणाले होते. ते वाईट माणूस नाहीत, मित्रांनो. त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण नंतर कधी पूर्णिमाताईंनी आठवण करून दिली नाही आणि कधी त्यांना आठवण राहिली नाही.

आता रोज दुपारी त्या आमच्यापुढे उभ्या राहायच्या. डाव्या कानाला हेडफोन, त्यात माझ्यावरचं पुढचं गाणं. उजवा कान मोकळा, त्यात खोलीत वाजणारं गाणं. वेगाची पट्टी केसाएवढी सरकवत त्या ठेके जुळवू बघायच्या. पहिल्या दिवसांत जमलं नाही, तर स्वतःवरच हसायच्या. "हात गंजलेत," म्हणायच्या.

पण महिने गेले आणि हात मोकळे झाले, तरी ठेके जुळेनात. त्यांना वाटे, जुळले. त्या आनंदाने मान डोलवत दुसरं गाणं आत घ्यायच्या आणि दोन्ही गाणी एकमेकांत अडखळून पडायची. एकदा अनंतरावांनी दारातून डोकावून विचारलं, "दोन्ही एकदम वाजवायची असतात का?" त्यांच्या प्रश्नात टोमणा नव्हता.

"हाच वेग सोडतोय," पूर्णिमाताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. मी सोडत नव्हतो, मित्रांनो. पण मला बोलता येत नाही.

ओवीने मला गाडीत घालून बद्रीनाथ यांच्याकडे नेलं. पूर्णिमाताईही आल्या. माझ्या थाळीच्या कडेला बारीक ठिपके आहेत. वेग बरोबर असला, की लहान दिव्याच्या उजेडात ते जागच्या जागी उभे दिसतात. बद्रीनाथ यांनी बराच वेळ पाहिलं. ठिपके हलले नाहीत. मग त्यांनी एक रेकॉर्ड लावून हेडफोन पूर्णिमाताईंना दिला.

"मशीन तर ठीक आहे, ताई. ढोलाच्या वर ती झांज चाललीय ना, बारीक? तिच्यावर लक्ष ठेवा. ती बरोबर पडतेय."

"कुठली झांज?"

ओवीने हेडफोन घेऊन ऐकलं. पूर्णिमाताईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आहे का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहे, आई."

बद्रीनाथ उगाच माझ्यावरची धूळ पुसू लागले.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही कानांचं ऐकणं कमी झालंय, डाव्याचं जास्त. बारीक आवाज आधी जातात, मग हळूहळू बाकीचे. कानात यंत्र बसवलं की माणसांचं बोलणं कळेल. "आणि गाणं?" पूर्णिमाताईंनी विचारलं. डॉक्टरांनी यंत्राचीच माहिती पुन्हा सांगितली.

त्या संध्याकाळी अनंतराव मागच्या खोलीत येऊन स्टुलावर बसले. "ओवी मोठी झाली, तेव्हाच मी ते घेऊन द्यायला हवे होते."

"घर लहान होतं हो," पूर्णिमाताई म्हणाल्या. एवढंच. त्या रागावल्या असत्या, तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी माझा बिनझाकणाचा जोडीदार परत पाठवला. "एकच गाणं ऐकायला दोन कशाला?" त्याला उचलताना त्याची वायर माझ्या वायरीत अडकली. पूर्णिमाताईंनी ती सावकाश सोडवली. मी दुसऱ्यांदा एकटा झालो.

आता दुपारी त्या माझ्यावर एखादी रेकॉर्ड लावतात. यंत्रातून गाणं पत्र्यासारखं ऐकू येतं, म्हणून ते काढून ठेवतात आणि डोळे मिटून मांडीवर ठेका धरतात. काल अशाच बसल्या होत्या. गाणं संपलं. माझी सुई शेवटच्या रिकाम्या रेघेत खरखरत फिरत होती. त्यांची बोटं मात्र थांबली नाहीत, चेहऱ्यावर हसू होतं. अनंतराव चहा घेऊन आले आणि दारातच थबकले. सुई उचलायला त्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला. चहा गार होईपर्यंत ते तसेच उभे होते.

मित्रांनो, माझी सुई झिजली तर नवी मिळते, मोटरही दुरुस्त होते. तेवढी काळजी तुम्ही घ्यालच. पण तुमच्या घरात आई, आजी, काका, कुणीही सहज बोलून गेलं, की "मी पूर्वी हे करायचे," तर हातातलं काम खाली ठेवा. पुढे बघू, असं म्हणू नका. त्यांना काय हवंय ते विचारा आणि दुकान उघडं असेतो त्यांना घेऊन निघा.