माझी पाठ कोण बघणार?

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे आणि हल्ली मी सपाट बसत नाही. टेबलावर ठेवलं की डुगडुगतो. का, ते सांगतो. पण आधी माझी हकिकत ऐका.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुलींनी माझ्या पोटात बॅटरी बसवली, पाठ चिकटवली, उलटसुलट करून निरखली आणि मला पास केलं. माझी पाठ कोणी निरखून पाहिली, ती तेवढीच एकदा.

मग मी एका शाळकरी मुलीचा झालो. तिने माझं नाव 'पिल्लू' ठेवलं. माझ्यावर गणितं सोडवली, चित्रं रंगवली, एकदा मला दुधाने आंघोळही घातली. पुढे ती शिकायला परगावी गेली आणि मी कपाटात स्वेटरांखाली जाऊन पडलो.

तिथून मला तिच्या आजीने बाहेर काढलं. आजी कपडे शिवायची. आजोबा गेल्यापासून तिची झोप उडाली होती, म्हणून सुनेने तिला ध्यानाच्या वर्गात घातलं. वर्ग माझ्या पडद्यावर, रोज सकाळी अकराला.

"डोळे मिटून बसायला टॅब कशाला गं?" आजी म्हणाली. "ते मला फुकटात येतं."

"एकट्या बसलात की पाच मिनिटांत उठून मशीनवर बसता, आई. चारचौघांत तरी हलणार नाही."

पडद्यावर चौदा चौकोन, चौकोनात एकेक माणूस, सगळे याच शहराच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतले. शिकवणाऱ्या बाईंचे नियम तीन: आवाज बंद, डोळे बंद, हलायचं नाही. माझं नाव बदलायचं राहूनच गेलं, त्यामुळे आजीच्या चौकोनाखाली 'पिल्लू' उमटायचं. सत्तरीची आजी सगळ्यांची पिल्लूताई झाली.

एका चौकोनात निवृत्त पोस्टमनकाका असत. त्यांचे डोळे काही मिटत नसत.

"काका, डोळे!" बाई दटावत.

"अहो बाई, जन्मभर लोकांची दारं बघत हिंडलो. पापण्यांना सवय नाही."

मी म्हातारा, त्यामुळे मधूनच माझं चित्र अडकायचं. आजीचं तोंड अर्धवट उघडं, एक डोळा मिटलेला, आणि तशीच ती मिनिटभर गोठलेली. "पिल्लूताई अडकल्या!" म्हणून सगळे हसत. आजीही हसायची. मित्रांनो, त्या हसण्याआडच पुढचं संकट दबा धरून बसलं होतं.

एके दिवशी ध्यान चालू असताना आजीचा उजवा हात मांडीवरून घसरला. ओठ एका बाजूला ओघळले. मी सगळं पाहत होतो. त्या दिवशी मी मुळीच अडकलो नव्हतो. एकेक क्षण इमानेइतबारे तेरा घरांत पोचवत होतो. पण तेरा घरांत डोळे मिटलेले होते, त्या दिवशी नेमके काकांचेसुद्धा.

वेळ संपली. बाईंनी डोळे उघडले.

"वा! पिल्लूताई अजून ध्यानातच. किती स्थिर!"

"स्थिर कसल्या, अडकल्यात," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. एकेक चौकोन विझू लागला.

"थांबा!" पोस्टमनकाका ओरडले. "त्यांच्या मागचा खिडकीचा पडदा हलतोय. चित्र अडकलं असतं, तर तोही अडकला असता!"

मग धावपळ झाली. त्यांचं नाव काय? वहीत 'पिल्लू'. पत्ता? कोणालाच ठाऊक नाही. चार महिने रोज शेजारी शेजारी बसलेली माणसं ती! सुनेचा नंबर होता, पण ती कारखान्यात कामावर आणि तिचा फोन तिथल्या कपाटात ठेवलेला. नुसताच वाजत राहिला.

काका पडद्याला नाक लावून बसले. वाऱ्याने आजीमागचा पडदा उडाला आणि खिडकीतून पाण्याची टाकी दिसली. तिच्यावर आकडा होता सात.

"सात नंबरची टाकी! उजवीकडे दिसते म्हणजे पलीकडची इमारत." त्यांनी तिथल्या ओळखीच्या सायकल दुकानदाराला फोन लावला. "पळ रे! वरचा मजला. शिलाई मशीनचं घर विचार. दार फोड, मी बघतो काय ते!"

आजी वाचली. महिन्याने घरी आली, पण उजवा हात अर्धाच परत आला. सुईत दोरा आता सून ओवते.

वर्गात पत्त्यांची वही झाली. काका म्हणाले, "पूर्वी गाव झोपलं की जागल्या जागा राहायचा. आपणही एक ठेवू." तेव्हापासून रोज बाई आधी विचारतात, "आज जागल्या कोण?" तो एकटा डोळे उघडे ठेवतो.

आणि आजी? तिने धसका घेतला. मी ऐन वेळी बंद पडू नये म्हणून तिने मला चार्जरला लावलं, ते आजतागायत काढलेलं नाही. रात्रंदिवस माझ्या पोटात वीज उतरते आहे आणि माझी पाठ फुगत चालली आहे.

"आई, हा डुगडुगतो का हो?" सुनेने काल विचारलं.

"म्हातारा झाला गं, माझ्यासारखा." आजीने माझ्याखाली कागदाची घडी सरकवली आणि मला मांडीजवळच्या कापसाच्या उशीला टेकवलं.

आता अकरा वाजले आहेत. सून कारखान्यात आहे. काका जागल्या आहेत आणि आजीच्या चेहऱ्यावरून नजर हटवत नाहीत. पण माझा कॅमेरा पुढे बघतो. माझी पाठ कोणत्याच चौकोनात दिसत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या टॅबची, फोनची पाठ आज बघाल ना? फुगली असेल, तर आतली बॅटरी पेट घेऊ शकते; हात न लावता आधी मोठ्या माणसांना हाक मारा. मला हाक मारता येत नाही. वर्गाचा नियमच आहे, आवाज बंद.

उशी गरम होते आहे. आजीने डोळे मिटले. आणि माझ्या पाठीची शिवण आत्ताच, एका टोकाला, उसवली.