खंडेनवमीची खीळ

धारच्या सावित्रीबाईसाहेबांच्या घरी मोटार होती हे खरं, पण ती चालत होती असं म्हणायला फार मोठं मन लागलं असतं. विलायतेत लढाई जुंपल्यापासून तिच्या पुढच्या उजव्या चाकाची खीळ, म्हणजे ज्या खिळीवर ते चाक वळतं ती, झिजत चालली होती. सन अठराच्या पावसाळ्यात तर वळणावर चाक एकीकडे बघायचं आणि गाडी दुसरीकडे. मुंबईच्या दुकानदाराने कळवून टाकलं की गाडी फ्रान्सची, तिथल्या कारखान्यांत आता तोफगोळे होतात, तेव्हा खिळीचं नाव काढू नका. मानाजीने गाडीचं पुढचं अंग विटांवर चढवलं आणि वर गोधडी घातली.

मानाजी मूळचा या घरच्या पागेतला. बाईसाहेबांचे यजमान सरदार हंबीरराव यांना मोटारीचा नाद लागला तेव्हा त्यांनी त्याला मुंबईला पाठवून गाडी चालवायला, खोलायला, जोडायला शिकवून आणलं. पुढे हंबीरराव गेले, घोडे विकले गेले, मोटार आणि मानाजी तेवढे मागे उरले. एकुलती एक लेक राजाबाई देवासच्या उदाजीरावांना दिली. तिला पहिल्यांदा तट्टावर बसवलं ते मानाजीने, मोटारीचा भोंगा वाजवू दिला तोही त्यानेच. त्याला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. मानाजी त्या पोरीसाठी जीव टाकतो, असं लोक हसून म्हणत. टाकतच होता, त्यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

नवमीच्या सकाळी देवासहून तार आली. राजाबाईला ताप, प्रकृती बरी नाही, आईसाहेबांना ताबडतोब पाठवा.

त्या आश्विनात ताप या शब्दाचा अर्थ कोणाला विचारावा लागत नव्हता. सकाळी पाणी भरणारी बाई संध्याकाळी उचलावी लागत होती.

"टांग्याने जाल तर उद्याची संध्याकाळ होईल, बाईसाहेब," मानाजी म्हणाला. "मोटारीने आज दिवेलागणीला पोचाल. बग्गीच्या मोडक्या आसाचं पोलाद आहे. खीळ निम्मी घासून ठेवलीय मी. दुपारपर्यंत बसवतो."

"आज?" सावित्रीबाईंनी विचारलं आणि देवघराकडे पाहिलं.

लाल कापडावर तलवारी, कट्यारी, हंबीररावांची बंदूक मांडली होती. त्याच ओळीत मानाजीच्या कानशी, हातोडे, पकडी होत्या. सगळ्यांना शेंदराची बोटं, सगळ्यांवर झेंडूची फुलं. ती ओळ त्या पहाटे मानाजीनेच हौसेने लावली होती. खंडेनवमीला हत्यार एकदा पूजेला बसलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मग ती तलवार असो नाहीतर कानस.

"उद्या उजाडता पूजा उठेल, मग कर," त्या म्हणाल्या.

"बाईसाहेब, अहो, पोर तिकडं—"

"पोर माझी आहे, मानाजी." त्यांचा आवाज चढला नाही. "बिबट्या आला म्हणून सरकारांनी नवमीलाच पूजेतली बंदूक उचलली होती. मी नको म्हटलं तर हसले. दिवाळी बघितली का त्यांनी? घोड्यावरून पडले ते उठलेच नाहीत. तेव्हा मी गप्प बसले. आता तिच्या जिवावर मला ते करायचं नाही."

आणि त्या गडकालिकेच्या देवळात लेकीसाठी देवीची ओटी भरायला निघून गेल्या.

मानाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवीवर त्याचीही श्रद्धा होती, थोडीथोडकी नव्हती. पण देवी इतकी का आंधळी आहे की बिबट्यासाठी उचललेली बंदूक आणि आजारी पोरीसाठी उचललेली कानस तिला सारखीच दिसावी? त्याने ओळीपुढे डोकं टेकलं, फुलं बाजूला सारली आणि कानस उचलली.

खीळ घासून गोल करायची म्हणजे जिवाचं पाणी करणारं काम. ती ज्या पितळी नळीत फिरते त्या नळीला आतून शेंदूर आणि तेल फासायचं, खीळ घालून फिरवायची आणि बाहेर काढून पाहायची. जिथे तांबडं लागलं तिथे अंग जास्त, तेवढंच घासायचं. शेंदूर पूजेच्या वाटीतलाच घेतला. घालायची, फिरवायची, काढायची, घासायची. शेवटी खीळ सगळीकडून सारखी तांबडी निघाली, तेव्हा त्याने ती पुसली, ठोकून बसवली आणि विटा काढल्या. चाक हाताने वळवून पाहिलं. कुरकुर नाही, खडखड नाही. त्याला वाटलं, गाडी दारात उभी दिसली की आईचं काळीज बाकी सगळं गिळून टाकेल.

तसंच होणार असं क्षणभर दिसलंही. सावित्रीबाई देवळातून आल्या, गाडी पाहिली, दार उघडलं. एक पाय पायरीवर ठेवला. मुठीत देवीचा अंगारा होता. मग त्या थांबल्या.

"खीळ कधी पुरी केलीस?"

काल रात्री, एवढंच म्हणायचं होतं. निम्मी तर झालेलीच होती, कोण मोजायला बसलं होतं? पण ज्या घरचं अन्न खाल्लं, त्या घरच्या बाईसाहेबांसमोर मानाजीची जीभ कधी वाकडी वळली नव्हती.

"आत्ता," तो म्हणाला.

त्यांनी पाय खाली घेतला.

तो विनवण्या करत राहिला, पायाही पडला. सावित्रीबाई रडत होत्या, पण ऐकत नव्हत्या. "मला काय जायचं नाही का रे? उडत जाईन मी. पण या गाडीतून तिच्या दारात गेले, तर माझ्याच पायाने तिचं वाईट घेऊन जाईन." टांगा आला. त्या बसल्या, अंगारा मुठीत तसाच धरून. "ही गाडी तिच्या दारात नेऊ नकोस," एवढं बजावून गेल्या.

टांगा वळणाआड गेला तसा मानाजीने मोटार चालू केली. दारात नेणार नव्हता. पण आई निघाली आहे, हे तरी पोरीला कोणी सांगायला हवं होतं.

रस्ताभर खीळ शहाण्यासारखी वागली. इंदूरच्या नाक्यावर पाणी भरायला थांबला, तर एक टांगेवाला म्हणाला, "भिया, देवास मत जाव. वां तो घर-घर में ताप घुसी ग्यो." मानाजीने पाणी ओतलं आणि निघाला. शेजारची रिकामी गादी त्याच्या डोळ्यांत सलत होती. एवढी चांगली गाडी आयुष्यात चालली नव्हती आणि आत कोणी नव्हतं.

देवासला देवीच्या टेकडीवर दिवे लागत होते. पायथ्याच्या मैदानात त्याने गाडी उभी केली आणि चालत उदाजीरावांच्या घरी गेला. पण मोटारीचा आवाज काही पायथ्याशी थांबत नाही. गावात तसा दुसरा आवाजच नव्हता, आणि राजाबाईला तो लहानपणापासून ओळखीचा.

"आईसाहेब आल्या," तो आत शिरला तेव्हा ती उशाशी बसलेल्या उदाजीरावांना सांगत होती. ओठ निळे पडले होते. मानाजीला पाहून तिचे डोळे त्याच्या मागे, दाराकडे गेले. "मानाजीकाका, आईसाहेब कुठं आहेत?"

"आल्या ना," मानाजी म्हणाला. "बाहेर पाय धुताहेत."

धारला जे खोटं हवं होतं ते जिभेवर आलं नव्हतं. इथे ते आपोआप आलं, आणि आता त्याचा कोणालाच उपयोग नव्हता. उदाजीरावांनी मान खाली घातली. मानाजीने तिचा हात धरला. ती हसली, काहीतरी पुटपुटली आणि दाराकडे बघत राहिली. झुंजुमुंजू व्हायच्या आत गेली.

दसऱ्याला दिवस कलताना टांगा दारात आला. तोवर सगळं आटोपलं होतं. त्या दिवसांत कोणाला थांबवून ठेवायची सोय नव्हती. तिच्या जागी कणकेचा दिवा तेवत होता. सावित्रीबाई त्याच्यासमोर बसल्या. अंगाऱ्याची मूठ उघडली, तर घामाने त्याचा चिखल झाला होता.

"तिनं माझी वाट पाहिली का रे?"

मानाजीच्या मनात रात्रीपासून एकच वाक्य साचलं होतं. गाडीत बसला असतात तर. ते दातांपर्यंत आलं. त्याने समोरच्या बाईकडे पाहिलं आणि ते परत गिळलं. पण विचारलेल्याचं खरं उत्तर द्यायची खोड त्याला मोडता आली नाही.

"पाहिली, बाईसाहेब. मी सांगितलं, आल्या आहेत, बाहेर पाय धुताहेत."

"मग?"

"मग हसल्या. म्हणाल्या, लांबून आल्यात, सावकाश धुऊ दे."

सावित्रीबाईंनी आपल्या पायांकडे पाहिलं. घोट्यांपर्यंत धूळ होती. त्या भिंतीला धरून उठल्या, अंगणात गेल्या आणि पाय धुवायच्या दगडावर उभ्या राहिल्या.

"पाणी घाल," त्या म्हणाल्या.

मानाजीने तांब्या भरून आणला आणि घातला. पुन्हा भरला, पुन्हा घातला. धूळ केव्हाच निघून गेली होती. त्या काही पुरे म्हणेनात.