चौथी नळी

चहाचा कप स्टुलावर ठेवायला ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. बंद दाराआड आप्पा कुणाशी तरी बोलत होते.

"मग? आज कसला?"

मध्ये थोडा वेळ गेला.

"हं. आणि त्याच्या मागून?"

पुन्हा थोडा वेळ. मग आप्पा घशातल्या घशात हसले, कुणी कानाशी लागून गंमत सांगावी तसे.

त्या मधल्या शांततेनेच तिच्या अंगावर काटा आला. एकट्याने बडबडणारा माणूस उत्तरासाठी थांबत नाही. आप्पा थांबत होते.

तिने ठरल्याप्रमाणे दारावर दोनदा टकटक केली. आत सगळं एकदम गप्प झालं.

"आप्पा, चहा. कुणाशी बोलताय?"

"कुणाशी नाही."

"मी ऐकलं की."

"तुझ्या आईशी," बऱ्याच वेळाने आप्पा म्हणाले. "ठेव कप. आणि उतरताना जरा पाय वाजवत जा, म्हणजे मला कळतं, गेलीस ते."

आई जाऊन सात वर्षं झाली होती. ती पाय वाजवत जिना उतरली.

आप्पा तिचे वडील. पस्तीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. डोळे शाबूत राहिले, फुप्फुस गेलं. उजव्या फुप्फुसाचा अर्धा भाग काढल्यापासून ते लेकीकडेच राहत होते. साथ सुरू झाली तेव्हा तिनेच त्यांना वरच्या खोलीत हलवलं. जेवण स्टुलावर ठेवायचं, टकटक करायची, खाली यायचं, मग त्यांनी दार उघडायचं. याला आता वर्ष झालं होतं. ती लॅबमध्ये कामाला होती. रोज शेकडो लोकांच्या नाकाघशातले नमुने तिच्या हाताखालून जात. कुठल्या घरात आजार शिरला आणि तिथली किती माणसं त्याने धरली, हे तिला घरच्यांच्या आधी कळायचं. स्वतः ती मागच्या दाराने न्हाणीत शिरून, डोक्यावरून अंघोळ करूनच घरात पाऊल टाकायची आणि बाहेरच्या खोलीत एकटी झोपायची.

जिन्याखालच्या खोलीत तिची नऊ वर्षांची मनी कॉम्प्युटरवर शाळेला बसली होती. दार लावलेलं होतं. आतून बाईंचा आवाज येत होता, भागाकार चालला होता. निदान इथे तरी सगळं जागच्या जागी आहे, असं वाटून तिचा जीव भांड्यात पडला.

रविवारी दुपारी पालकांची सभा कॉम्प्युटरवर भरली. शाळा आठ दिवसांनी उघडणार होती. एका बाकावर एक मूल, खिडक्या सताड उघड्या, दारात ताप मोजायचा. आणि संमतीपत्रावर आई-वडील दोघांच्याही सह्या हव्यात, असं मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं. त्यानंतर जे सुरू झालं त्याला सभा म्हणणं जिवावर यावं. एक कंत्राटदार बाप वर्गांच्या खिडक्या टेपने मोजून आला होता. "अडीच फुटांच्या खिडकीतून वारा आत येतो, का नुसता पत्ता विचारून जातो?" असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. जुळ्यांची आई म्हणाली, "माझ्या दोघांनी आता भिंती चाटायच्याच बाकी ठेवल्यात. तुमची टेप तुम्हाला लखलाभ." तेवढ्यात कुणाचं तरी कुत्रं भुंकायला लागलं आणि सगळेच एकमेकांना "आवाज बंद करा" म्हणून ओरडायला लागले.

तिला बोलायला सांगितलं तेव्हा ती हळू आवाजात बोलली.

"काल आमच्याकडे चारशे नमुने आले. नव्वद जणांना आजार निघाला, त्यात अकरा मुलं. मुलांना फारसं काही होत नाही म्हणता, ते खरं आहे. मुलं नुसती तो घरी घेऊन जातात."

शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याने घसा साफ केला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि लोकांच्या अगदी डोळ्यांत बघून बोलायची त्याला सवय होती.

"आमच्या घरात दोन मतं आहेत," तो म्हणाला. "माझं उलटं आहे."

सभा संपल्यावर ती स्वयंपाकघरात त्याच्यासमोर उभी राहिली.

"सगळ्यांदेखत?"

"मग कुठे? घरात तू बोलू देतेस कुठे? मनीकडे बघितलंस का? दीड महिना झाला, पोरगी नुसती मान हलवते. फाटकापाशी माणूस दिसला की भिंतीला चिकटते."

"जिवंत आहे."

"आणि तू? तू रोज कुठून येतेस? या घरात आजार आला तर तो तुझ्या पायांनी येईल, शाळेच्या नाही."

संमतीपत्र टेबलावर पडलं होतं. वडिलांच्या रकान्यात त्याची सही होती, आईचा रकाना मोकळा. तिने वर पाहिलं तर मनी दारात उभी होती. कधीची, कुणास ठाऊक. तिचं पाऊल कधीच वाजत नसे. म्हणून तर नाव मनी पडलं होतं.

बुधवारी लॅबमधलं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीवाला चार वाजेपर्यंत येणार नव्हता, म्हणून ती अकरालाच घरी आली. नवरा दुकानात होता. मागच्या दाराने शिरून, अंघोळ करून, ओल्या केसांनी ती आत आली तेव्हा घरात फक्त बाईंचा आवाज होता. नद्यांची नावं चालली होती.

मनीला काही खायला हवंय का विचारावं म्हणून तिने दार लोटलं.

पडद्यावर बावीस चौकोन होते. दुसऱ्या ओळीत मनी होती, निळा स्वेटर, दोन वेण्या. बाई बोलत होत्या आणि मनी मान हलवत होती. पडद्यासमोरची खुर्ची रिकामी होती.

ती बघत राहिली. मनीने नाक खाजवलं. मान हलवली. दारात कुणी आल्यासारखं डावीकडे बघितलं. तिनेही दचकून दाराकडे पाहिलं, कुणी नव्हतं. पडद्यावर मनीने पुन्हा नाक खाजवलं, मान हलवली, डावीकडे बघितलं. तो निळा स्वेटर आटला म्हणून तिनेच मागच्या महिन्यात देऊन टाकला होता.

"मनी," ती पडद्याला म्हणाली.

पडद्यातल्या मनीने मान हलवली.

आणि त्याच वेळी वरून, छताच्या आरपार, आप्पांचा आवाज आला. "मग? आज कसला?"

जिना ती कशी चढली ते तिला आठवत नाही. या वेळी तिने टकटक केली नाही. कडी सरकवलेलीच नव्हती.

आप्पा पलंगावर डोळे मिटून बसले होते. मनी त्यांच्या पायांशी मांडी घालून बसली होती, तिचेही डोळे मिटलेले. खिडकी उघडी होती.

"लसूण," मनी सांगत होती. स्पष्ट, भरभर, गेल्या दीड महिन्यात तिने खाली एकदाही काढला नव्हता अशा आवाजात. "शेजारच्या काकूंचा. त्याच्या मागून जळकं दूध. आणि आता... आता आईचा साबण."

मनीने डोळे उघडले.

मग मनी उठून आप्पांच्या आणि तिच्या मध्ये उभी राहिली, जणू आईपासूनच कुणाला तरी वाचवायचं होतं.

"आजोबांना वास येत नाही," मनी म्हणाली. "म्हणून मी सांगते."

"कधीपासून येत नाही?" ती नोकरीतल्या आवाजात विचारत होती. लोकांना फोनवर विचारताना तिचा असाच आवाज व्हायचा.

"दीड महिन्यामागे तू आठ दिवस लॅबमध्ये राहायला गेली होतीस ना, गर्दी होती तेव्हा? तेव्हापासून. ताट बाबा ठेवायचे आणि उचलायचे मी. ताटं तशीच यायला लागली. बाबांना मी सांगितलं नाही. मग मी दार उघडलं, तर आजोबा जमिनीवर झोपले होते."

"पडलो होतो," आप्पा म्हणाले.

"पाच दिवस ताप होता. मी गोळी द्यायचे. तू फोनवर लोकांना सांगतेस, तीच. आणि बोटाला तो ऑक्सिजनचा चिमटा लावायचे. नव्वदच्या खाली गेला असता तर मी तुला फोन करणारच होते, आई. एकदा एक्क्याण्णव झाला. मग परत वर आला."

ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "आणि ते खालचं? पडद्यावरचं?"

"हजेरी झाली की लावते. आपलाच व्हिडिओ काढून ठेवायचा आणि लावून द्यायचा. मोठ्या वर्गातल्या मुली पण करतात." मनीने मान खाली घातली. "बाईंना अजून कळलं नाहीये."

"आप्पा, मला का नाही सांगितलंत?"

"तू मला उचलून इस्पितळात घेऊन गेली असतीस," आप्पा म्हणाले. "तिथून माझ्यासारखी माणसं कशी परत येतात, ते तूच जेवणाच्या टेबलावर सांगायचीस. खालचं मला वर ऐकू येतं."

"आणि हिला काही झालं असतं तर?"

आप्पांनी आपल्या हातांकडे पाहिलं. बोटांवर शाईचे डाग आता नव्हते, तरी ते बोटं एकमेकांवर घासत राहिले.

"मुद्रितातली चूक दुरुस्त करता येते," ते म्हणाले. "छापून झालं की मग ती नुसती दिसत राहते."

नवरा दोन वाजता दुकानातून आला. तिने त्याला सगळं उभ्याउभ्या सांगितलं. ती ओरडेल म्हणून तो वाट बघत होता, पण ती लॅबची पेटी उघडून बसली. आजार येऊन गेला असेल तर त्याची खूण रक्तात उरते. तिने आप्पांचं रक्त घेतलं, मग मनीचं. मनी हू की चू न करता सुईकडे बघत राहिली. नवऱ्याने न विचारता बाही वर केली. शेवटी तिने दातात पट्टा धरून स्वतःचं रक्त काढलं. चार नळ्या.

चौथी का घेतली, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. घरात आजार आला असेल तर तो कुणाच्या पायांनी, हे रविवारी बोलून झालं होतं. तिला फक्त ते कागदावर बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं काम संपल्यावर तिने त्या नळ्या यंत्रात घातल्या. आप्पा, होय. मनी, होय. नवरा, होय. चौथ्या नळीत काहीच नव्हतं.

तिने चौथी पुन्हा लावली. पुन्हा काहीच नाही.

यंत्राचा पंखा घरघरत होता. ती स्टुलावर बसून राहिली. कुणाकडून कुणाला, हे यंत्र सांगत नाही. पण आप्पा वर्षभर खोलीबाहेर पडले नव्हते, मनी फाटकाबाहेर गेली नव्हती, आणि त्या आठ दिवसांत ती स्वतः घरात नव्हती. रोज दुकानात जाऊन माणसांच्या डोळ्यांत बघणारा एकच जण उरत होता. हा कागद त्याच्यासमोर टाकला की झालं. त्यापुढे एक शब्दही बोलायची गरज नव्हती.

संध्याकाळी उजेड असतानाच ती घराच्या मागच्या बाजूला पोचली. न्हाणीकडे वळता वळता स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी थबकली. आत तिघं टेबलाशी बसली होती. आप्पा जिना उतरून खाली आले होते. नवरा त्यांच्यासाठी काहीतरी कापत होता, मनी हातवारे करून बोलत होती आणि दोघं ऐकत होते. खिडकीची काच बंद होती, त्यामुळे आवाज बाहेर येत नव्हता. रोज ती ज्यांची नुसती नावं वाचते, वय आणि पत्ता वाचते आणि निकाल लिहिते, तशा कुठल्याशा घराकडे आपण बघतोय असं तिला वाटलं. आजार या घरात आला होता, जिन्याने वर चढला होता, तिघांपाशी बसून उठून गेला होता. त्याने तिला विचारलंही नव्हतं.

मनीची नजर खिडकीकडे आली. तिने हात हलवला. मग तिघांनीही तिच्याकडे पाहिलं, आणि कुणाच्याच चेहऱ्यावर दार उघडायला उठावं असं काही नव्हतं. ती आधी अंघोळ करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अंघोळ करून ती आत आली तेव्हा मनी आप्पांना धरून जिना चढवत होती. नवरा एकटाच टेबलाशी होता.

"काय आलं?"

"नमुने खराब झाले," ती म्हणाली.

"तुझ्या हातून?"

"माझ्या हातून."

पंधरा वर्षांत तिच्या हातून एक नळी फुटली नव्हती, हे त्यालाही माहीत होतं. त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने काचा पुसत राहिला. पुसून झाल्या तरी पुसत राहिला.

"तू लॅबमध्ये होतीस ना," तो खाली बघत म्हणाला, "त्याच्या आधी एक दिवस माझा घसा बसला होता. एकच दिवस. मी काही बोललो नाही. मला वाटलं..."

"भिंगं घासताना पूड उडते," ती म्हणाली. "त्याने बसतो घसा."

त्याने मान वर केली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिने संमतीपत्र पुढे ओढलं आणि पहिल्यांदाच सगळं वाचून काढलं, वरपासून खालपर्यंत, आप्पा वाचायचे तसं एकेका शब्दावर बोट ठेवून. शेवटून दुसऱ्या ओळीत प्रश्न होता: गेल्या तीन महिन्यांत घरात कुणी आजारी होतं का? पुढे 'नाही'च्या चौकोनात नवऱ्याच्या पेनाने बरोबरची खूण केलेली होती. रविवारची. शाई केव्हाच वाळली होती.

तिचं बोट त्या खुणेवर थोडा वेळ थांबलं.

मग ते पुढे, आईच्या मोकळ्या रकान्याकडे सरकलं, आणि तिने त्याच्याकडे पेन मागितलं.