वेगळा पडलेला ठिपका

संगणकाच्या पडद्यावर सिस्टरचा ठिपका बाळांच्या ठिपक्यांपासून चांगला लांब पडला, तेव्हा डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला आणि लॅबवाल्या बाईंचा टांगणीला लागला.

नवजात बाळांच्या वॉर्डात तीन बाळांच्या रक्तात एकच जंतू सापडला होता. तो कुणाच्या हातावरून आला हे शोधायला सगळ्यांच्या हातांचे नमुने लॅबमध्ये आले. खाद्य ओतलेल्या प्लेटवर जंतू वाढवायचे, सुकवून त्यांच्यातून इन्फ्रारेड प्रकाश सोडायचा आणि उमटलेली रेघ संगणकाला द्यायची. प्रत्येक रेघेचा तो एक ठिपका करतो आणि एकाच वाणाचे ठिपके एका घोळक्यात मांडतो. बाहेर पडला तो सुटला. आणि ही सिस्टर म्हणजे बाईंची सख्खी नणंद. तिचा उभा जन्म त्या वॉर्डात गेलेला. कसलंही रडकं बाळ तिच्या हातात गेलं की गप्प होतं, अशी तिची ख्याती.

डॉक्टर रिपोर्टवर सही करायला बसले. बाळांचे जंतू जुन्या प्लेट्सवर वाढवले होते. त्या संपल्या म्हणून नणंदेचा नमुना बाईंनी नव्या घाण्यातल्या, वेगळ्या खाद्याच्या प्लेटवर लावला होता. जंतूचं खाद्य बदललं की रेघ हलते आणि ठिपका भलतीकडेच पडतो, हे लॅबमधल्या मुलींना त्या स्वतःच उठताबसता बजावत. गप्प बसल्या असत्या तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण सकाळीच चौथं बाळ तापलं होतं.

“सर, माझी चूक झालीय. सगळे नमुने नव्या प्लेट्सवर परत लावते.”

“अहो, वेगळा आलाय ना? तुमच्याच घरचं माणूस आहे.”

“म्हणूनच.”

दुसऱ्या दिवशी तो ठिपका बाळांच्या घोळक्यात मधोमध जाऊन बसला. हात धुऊन धुऊन नणंदेच्या नखाशी चीर पडली होती. जंतूने तिथेच बिऱ्हाड केलं होतं. त्याच दुपारी तिला वॉर्डातून हलवलं.

संध्याकाळी ती घरी आली आणि दारातच थांबली. बाईंना तिच्याकडे बघवेना.

“वन्सं, मी...”

“बरं केलंस, वहिनी. चौथं सुधारतंय म्हणे?”

“हो.”

बाईंच्या कडेवरचं लेकरू आत्याला पाहून नेहमीसारखं झेपावलं. नणंदेने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तिथूनच त्याच्याशी बोबडं बोलत राहिली. ते रडायला लागलं आणि काही केल्या थांबेना.