दूध आंबट की मी

डेअरीत आलेलं दूध आत घ्यायचं की परत पाठवायचं, हे एकोणीस वर्षं माझी जीभ ठरवत आली. सकाळी सहापासून टँकर येतात. प्रत्येकातलं घोटभर दूध तोंडात घोळवायचं आणि थुंकायचं. तोंड कोरं हवं म्हणून त्याआधी मी काही खात नाही. सकाळभर दुधात, आणि पोटात थेंब नाही.

त्यात मला अर्धशिशी. डोकं उठलं की उपाशीपोटी गोळी, उतार पडला नाही तर अर्ध्या तासाने दुसरी.

गेल्या महिन्यात मी लागोपाठ तीन टँकर आंबट म्हणून परत पाठवले. तिसऱ्याचा ड्रायव्हर हलेना. नऊला प्रयोगशाळा उघडली, तेव्हा दूध उत्तम निघालं. साहेब म्हणाले, "ताई, पुन्हा असं झालं तर तुम्हाला पॅकिंगला पाठवावं लागेल."

माझी नणंद औषधांच्या दुकानात असते. गोळ्यांचं पाकीट पाहून तिने कपाळाला हात लावला.

"वहिनी, अर्धशिशी उठली की पोटही संपावर जातं. पहिली गोळी तिथेच पडून राहते, वर तुम्ही दुसरी ढकलता. शिवाय रिकाम्या पोटाला ही गोळी झोंबते. दूध आंबट लागतं ना, ते आंबट पाणी तुमच्याच पोटातून वर येतंय. डॉक्टरला दाखवा, आणि आधी खा, मग गोळी."

"खाल्लं तर चव कशी कळणार?"

"आता कुठे कळतेय?"

डॉक्टरची वेळ सोमवारची मिळाली. शनिवारी डोकं उठलं आणि मी उपाशीपोटीच गोळी घेतली. जित्याची खोड. पहिल्याच टँकरचं दूध आंबट लागलं. म्हटलं, ही मीच. माझा आंबटपणा वजा केला आणि म्हणाले, "घ्या आत."

नऊ वाजता मोठ्या टाकीतलं सगळं दूध नासलेलं निघालं. ते गटारात सोडताना मी तिथेच उभी होते.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं होतं."

"मग?"

एकोणीस वर्षांत मी माझ्या जिभेवर कधी शंका घेतली नव्हती. घेतली ती नेमकी ती खरं सांगत असताना, याची फार लाज वाटली.

रात्री स्वयंपाक करताना नणंदेने चमचा पुढे केला. "वहिनी, मीठ बघा."

"तूच बघ," मी म्हणाले.